मदत हवी आहे: अंबाजोगाईत इंजिनिअर, डॉक्टर, सीए यांना फी बिटकॉइनमध्ये घ्यायला कसं तयार करावं?

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईचा. पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम घरून करतो, पगार रुपयांतच येतो. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० पासून, दर आठवड्याला ५०० रुपयांचं बिटकॉइन घ्यायला लागलो. त्याच्या महिनाभर आधी, ४ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक रद्द केलं होतं. त्या परिपत्रकाने बँकांना क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांच्या, व्यवहारांना हात लावायला मनाई केली होती. ती उठली म्हणून मला धीर आला. तेव्हापासून हप्ता फारसा चुकवला नाही.

आता प्लॉटवर घर बांधतोय. नकाशा, नगरपरिषदेचा परवाना, स्लॅबचं ड्रॉइंग, साइटवर येऊन बघणं, या सगळ्याची इंजिनिअर साहेबांची फी टप्प्याटप्प्याने द्यायची आहे. आईच्या दातांचं काम निघालंय. रिटर्न भरायला सीए आहेतच. यातली थोडी तरी फी बिटकॉइनमध्ये द्यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी नकार आला.

विकून रुपये करून का देत नाहीस, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. वडिलांची निवृत्तीनंतरची ठेव आमच्या भागातल्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेत होती. एके दिवशी शाखेचं शटर खाली आलं. त्यानंतर कितीतरी महिने वडील पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिथं जाऊन बसायचे, सोबत पाच-पंचवीस म्हातारी माणसं. पासबुकावर आकडा होता, शिक्का होता, सही होती, फक्त पैसे नव्हते. कपाटाची किल्ली दुसऱ्याकडं असली की काय होतं, हे मी घरात बघितलंय. बिटकॉइनची किल्ली आपल्याकडं राहते, म्हणून मला ते जवळचं वाटलं. पण नुसतं मोबाइलमध्ये ठेवून भाव बघत बसायचं असेल, तर तो सट्टाच झाला. कुणीतरी घाम गाळून काम केलं आणि त्याचा मोबदला म्हणून ते हातात घेतलं, तरच त्याला पैसा म्हणता येईल. मला ते एकदा तरी माझ्या गावात घडलेलं बघायचंय.

इंजिनिअर साहेबांकडं काय झालं ते नीट सांगतो, कारण माझी चूक कुठं झाली हे तुम्हाला त्यातूनच कळेल.

संध्याकाळची वेळ. टेबलावर माझ्याच घराचा नकाशा पसरलेला, कडा वर येऊ नयेत म्हणून एका कोपऱ्यावर टेप, दुसऱ्यावर पंचिंग मशीन. त्यांच्या फोनमध्ये मी लाइटनिंगचं वॉलेट, म्हणजे बिटकॉइन झटपट पाठवायचं-घ्यायचं अॅप, टाकून दिलं. त्यांनी क्यूआर दाखवला, मी २०० रुपयांचं बिटकॉइन पाठवलं. दोन-तीन सेकंदांत त्यांचा फोन वाजला. साहेब चष्मा वर करून स्क्रीनकडं बघत राहिले. तिथं सातोशीतला, म्हणजे बिटकॉइनच्या अगदी लहान भागातला, आकडा होता.

"ह्याच्यात दोनशे रुपये कुठं हायत?"

मी रुपयांत दाखवायची सेटिंग लावून दिली. तेवढ्यात ऑफिसातला पोऱ्या आला, झेरॉक्सवाल्याचे ८० रुपये मागायला. साहेबांनी फोन त्याच्यासमोर धरला आणि मला विचारलं, "हे झेरॉक्सवाला घेईल का?" मग खिशातून शंभराची नोट काढून त्याला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "काल दोनशे होते, आज १९१ दिसूलालेत. नऊ रुपये कुठं गेले?" मी चढ-उतार समजावून सांगितला, पण आदल्या संध्याकाळचं माझं तासाभराचं बोलणं त्या नऊ रुपयांत वाहून गेलं.

तरी मी सोडलं नाही. आमचे आजोबा सांगायचे ते त्यांना सांगितलं: निजामाच्या राज्यात आपल्याकडं हाली रुपया चालायचा आणि हद्द ओलांडून बार्शीच्या बाजाराला गेलं की इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार हा हिशोब लोकांना तोंडपाठ होता. म्हणजे दोन चलनं एका खिशात ठेवायची आपल्याकडं जुनी सवय आहे. साहेब शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बरोबर हाय. पण हालीमागं निजामाचं सरकार होतं. आन ते सरकार गेल्यावर हालीबी गेला. ह्याच्यामागं कोणय?"

मी म्हणालो की यामागं कुणी नाही, हीच त्याची ताकद आहे. दोन कोटी दहा लाखांच्या वर एकही नाणं कुणाला काढता येत नाही. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "माझे साडू असंच बोलायचे."

त्यांचे साडू गेनबिटकॉइनमध्ये अडकले होते. दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आमिष दाखवणारी ती योजना. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटका केल्या तेव्हा ते नाव घरोघरी झालं. आपल्या भागात बिटकॉइन हा शब्द बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो असा. मी तोंड उघडलं की समोरच्याला मी साखळी जोडणारा एजंट वाटतो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तर माझे प्रश्न असे. एजंट न वाटता ही गोष्ट काढायची कशी? संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं कुणी वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट खरंच असं मानधन घेतात का? बिटकॉइनऐवजी डॉलरला बांधलेलं यूएसडीटी दिलं तर नऊ रुपयांचा प्रश्न सुटेल का? आणि घेणाऱ्याच्या वहीत याची नोंद कशी होते? कुणाला फसवून किंवा अर्धवट सांगून हो म्हणवून घ्यायचं नाही, हे लक्षात ठेवून सांगा.

प्रतिसाद, नांदेडहून (सीए आहे)

दादा, तुमची कळकळ पोचली. पण तुम्ही मन वळवायला निघालाय आणि समोरच्याच्या वहीत काय होतं ते अजून बघितलेलं नाही. आधी ते बघा.

तुमची बाजू सोपी आहे. फी म्हणून बिटकॉइन दिलं तरी कायद्याने तो 'हस्तांतर'च, म्हणजे विकल्यासारखंच. समजा १०,००० ला घेतलेलं बिटकॉइन आज ४०,००० चं आहे आणि तेवढ्या फीपोटी दिलं. नफा ३०,०००. १ एप्रिल २०२२ पासून त्यावर सरसकट ३० टक्के, म्हणजे ९,००० आणि वर ४ टक्के सेस ३६०. एकूण ९,३६०. एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारात, विकलं असतं तरी एवढाच कर लागला असता, त्यामुळे तुमचं वेगळं काही बिघडत नाही.

आता इंजिनिअर साहेबांची बाजू. त्या दिवशीच्या भावाने ४०,००० रुपये ही त्यांची व्यवसायाची मिळकत, नेहमीच्या दराने कर. इथपर्यंत ठीक. पुढं ते बिटकॉइन ५०,००० चं झालं आणि त्यांनी विकलं, तर वरच्या १०,००० वर ३० टक्के. पण ३०,००० चं झालं, तर १०,००० चा तोटा कशातूनच वजा होत नाही. व्यवसायातून नाही, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही नाही, पुढच्या वर्षीही नाही. म्हणजे मिळकत ४०,००० दाखवून कर भरायचा आणि हातात ३०,०००. कुठला शहाणा माणूस हो म्हणेल?

शिवाय १ जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएस, म्हणजे व्यवहारातच कापून सरकारकडं भरायचा कर. यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. क्रिप्टो देणारे तुम्ही 'विकणारे' आणि साहेब 'घेणारे'. मोबदला पैशात नाही, कामाच्या रूपात आहे, त्यामुळे टीडीएस भरला गेला की नाही हे बघायची जबाबदारी साहेबांवर येते. व्यावसायिकाच्या जमा ५० लाखांच्या आत असतील तर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत ही भानगड नाही. तेव्हा जे करायचं ते त्या मर्यादेच्या आत करा. यूएसडीटीने चढ-उतार कमी होईल, पण कर आणि टीडीएसला ते बिटकॉइनइतकंच 'व्हर्च्युअल डिजिटल अॅसेट' आहे, म्हणजे क्रिप्टोसाठी कायद्यातलं नाव.

एक भीती मात्र मनातून काढायला सांगा. मार्च २०२३ मध्ये मनी लाँडरिंग कायदा क्रिप्टोला लागू झाला तो दुसऱ्यांसाठी अदलाबदल किंवा सांभाळ करण्याचा धंदा करणाऱ्यांना. स्वतःची फी घेणाऱ्याला त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही. आणि हे वैध चलन नाही, त्यामुळे 'घ्या' असा आग्रह धरायचा हक्क तुम्हाला नाही, हेही स्वच्छ सांगून टाका.

प्रतिसाद, परभणीहून

मी दातांची डॉक्टर आहे. तुमच्यासारखाच एक पेशंट मला विचारून गेला, मीही नाही म्हणाले. का ते सांगते.

महिन्याच्या एक तारखेला मला असिस्टंटचा पगार, दवाखान्याचं भाडं, लॅबवाल्याचं बिल द्यायचं असतं. क्राउन करून देणारा लॅबवाला रुपयेच मागतो. समोरच्या चहावाल्याकडंसुद्धा यूपीआय आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हा मला कुणी तासभर बसवून समजावलं नव्हतं. पेशंट स्कॅन करायचे, बँकेत रुपये पडायचे, मला नवीन काही शिकावं लागलं नाही. तुमच्याकडं शिकणं सगळं माझ्या वाट्याला येतं.

दुसरं, तुम्ही किल्ली आपल्याकडं म्हणता. माझ्या पेशंटने मला वॉलेट परत उघडायचे ते बारा गुप्त शब्द कागदावर लिहून ठेवायला सांगितले. मी विचारलं, मला काही झालं तर माझ्या मुलीला हे कसं मिळणार? बँकेत नॉमिनी असतो. त्याच्याकडं उत्तर नव्हतं. तुम्ही विचारायला जाल तेव्हा हे उत्तर तयार ठेवा, कारण बाई माणूस हे आधी विचारते. आणि एक्स्चेंजवर ठेवा म्हणाल, तर जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, ते मी विसरलेले नाही.

मी कशावर हो म्हणाले असते? पावती रुपयांत फाडली असती. रक्कम लहान असती. आणि भाव पडला तर तो भुर्दंड पेशंटचा, माझा नाही, असं कागदावर असतं. एवढ्यावर एकदा करून बघितलं असतं.

प्रतिसाद, संभाजीनगरहून

मी वेबसाइट करून देतो, दोन ग्राहकांकडून असे पैसे घेतलेत. दोघांनी मला पटवलं नाही, माझ्याकडं आधीपासून होतंच. माझं सांगणं एवढंच की ज्याच्या डोक्यावर पगार-भाड्याचा महिना आहे त्याच्यापासून सुरुवात करू नका. तुमच्याच वयाचे, स्वतः थोडं घेऊन बसलेले वकील किंवा सीए तुमच्या तालुक्यात एखाद-दुसरा असेलच. आणि हाली-कलदारची गोष्ट इंजिनिअर साहेबांना परत सांगू नका, त्यात ते तुमच्यावर भारी पडले.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सीए साहेबांचा तोट्याचा हिशोब मी तीनदा वाचला. एवढी वर्षं मी माझाच कर मोजत होतो, समोरच्याचा एकदाही मोजला नव्हता. साहेब नाही म्हणाले तेव्हा मला ते जुन्या वळणाचे वाटले होते. ते बरोबर होते. त्यांना फोन करून तसं सांगितलं आणि त्यांच्या वॉलेटमधले १९१ रुपये परत पाठवायला लावून २०० रुपये यूपीआयने दिले. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "नऊ रुपयांसाठी फोन केलास व्हय?" आणि त्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी आपणहून विचारलं की ते बारा शब्द म्हणजे काय भानगड आहे.

डॉक्टर ताई, नॉमिनीचा प्रश्न माझ्याही घरात सुटलेला नव्हता. काल रात्री आईला आणि बायकोला बसवून शब्द कुठं ठेवलेत ते दाखवलं, वॉलेट नवीन फोनवर परत उघडून दाखवलं. बायकोने दुसऱ्या खेपेला माझ्या मदतीशिवाय उघडलं.

तुम्हा दोघांच्या सांगण्यावरून एक चिठ्ठी लिहिली आहे. साहेबांच्या पुढच्या टप्प्याच्या फीपैकी ३५,००० बँकेतून आणि फक्त ५,००० बिटकॉइनमध्ये, अशी विनंती आहे. मजकूर असा:

"फी रुपयांत ठरली आहे व पावती रुपयांतच द्यावी. त्यापैकी रु. ५,००० इतक्या किमतीचं बिटकॉइन आपण स्वखुशीने घेत आहात. आजपासून ९० दिवसांत आपण कधीही सांगितल्यास मी ते सगळं परत घेऊन रु. ५,००० बँकेतून देईन, त्या दिवशी भाव कितीही उतरलेला असो. भाव चढला असेल आणि आपल्याला ठेवायचं असेल तर ते आपलंच. या व्यवहारावर मला कुणाकडून कमिशन मिळत नाही आणि आपण आणखी कुणाला जोडावं अशी माझी अपेक्षा नाही."

शेवटचं वाक्य साडूंसाठी आहे.

एक गोष्ट अडली आहे. पावतीच्या मागे त्या वेळचा भाव लिहायचा तर तो कुठल्या एक्स्चेंजचा धरायचा, आणि खरेदीचा की विक्रीचा? दोन्हीत फरक असतो आणि मला पुन्हा नऊ रुपये व्हायला नकोत. सोमवारी स्लॅबच्या ड्रॉइंगसाठी त्यांच्याकडं जायचंय. त्याआधी सीए साहेबांनी किंवा कुणी जाणकाराने चिठ्ठी वाचून चूक दाखवली तर फार मदत होईल.

प्रतिसाद, नांदेडहून

विक्रीचा धरा, म्हणजे त्या क्षणी विकलं तर साहेबांच्या हातात खरंच जेवढे पडतील तो. एक्स्चेंजचं नाव, तारीख आणि वेळ लिहा, स्क्रीनशॉट काढून दोघांनी ठेवा. परत घेतलंत तर त्याचीही वेगळी पावती करा, ती नवीन खरेदी धरली जाईल. चिठ्ठीत 'आजपासून' काढून तारीख टाका. बाकी ठीक आहे. सोमवारी काय झालं ते इथं लिहा.