हार्ड रॉकसाठी स्पीकर सुचवा: बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे) की टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच)?

मंडळी, स्टिरिओ स्पीकरची जोडी घ्यायची आहे आणि दुकानं फिरून डोकं उठलंय. ऐकणं बहुतेक हार्ड रॉकच, त्यातही सत्तरच्या दशकातलं जास्त. दुकानदार डेमोला लावतो काय, तर एक गाणारी बाई, एक पियानो आणि मागे हळूच काहीतरी. त्यावर कुठलाही स्पीकर गोडच वाजणार! माझा पेनड्राइव्ह लावायला सांगितला तर अर्ध्या मिनिटात आवाज खाली. म्हणे, "सर, बाकीची गिऱ्हाईकं आहेत."

खोली १०x१२ फूट, पुण्यातला फ्लॅट, एका भिंतीला लोखंडी कपाट. खालच्या मजल्यावर वयस्कर काका-काकू राहतात, त्यामुळे सबवूफर (फक्त बासचा वेगळा डबा) नको. अॅम्प्लिफायर ठरलाय: यामाहा ए-एस३०१, चॅनेलला ६० वॅट. त्याला लाउडनेसचं वेगळं फिरतं बटण आहे. रात्री आवाज कमी केला की बास आधी गायब होतो, तेव्हा ते कामाला येईल.

आता मला काय हवंय ते. डीप पर्पल बँडचा जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अॅम्पमधून वाजवायचा, त्यामुळे ऑर्गन आणि गिटार एकाच पट्ट्यात गुरगुरतात. माझ्या सध्याच्या होम थिएटरवर त्या दोघांचं पिठलं होतं. ते वेगवेगळे ऐकू यायला हवेत. बास ड्रमचा ठोका छातीत बसला नाही तरी चालेल, पण 'ठप्' यावं, नुसतं 'घुंम्म' नको.

नजरेत दोन जोड्या आहेत: क्लिप्श आरपी-६००एम आणि व्हार्फडेल डायमंड १२.२. दुकानदार मात्र टॉवरच घ्या म्हणून मागे लागलाय. एवढ्या खोलीत टॉवर झेपेल का? आणि क्लिप्शचा हॉर्न (ट्वीटरपुढचा भोंगा; ट्वीटर म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर) तासाभराने कान खातो का? वापरणाऱ्यांनी सांगा.

प्रतिसाद

टॉवरचा नाद सोडा. १२ फुटांच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला घुमारा उठतो, १० फुटांच्या बाजूने ५६ ला. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ४१ ला. म्हणजे त्या तारेच्या पहिल्या पाच-सहा पडद्यांतच काही सूर फुगणार आणि टॉवर नेमका तिथे जोर लावणार. तुमचं 'घुंम्म' ते हेच. साधी गिटार ८२ हर्ट्झच्या खाली जातच नाही, साडेसहा इंची वूफरचा (बासच्या स्पीकरचा) बुकशेल्फ भरपूर झाला. पोर्ट (हवा जायचं भोक) मागे असेल तर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ठेवा. तरीही घुमलं तर पोर्टात मोज्याचा बोळा कोंबा. हसू नका, करून बघा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. क्लिप्शची संवेदनशीलता (ठरावीक वॅटला किती आवाज देतो ते) कंपनी ९६ डेसिबल सांगते, व्हार्फडेलची ८८. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, म्हणजे तेवढ्याच आवाजाला व्हार्फडेल सहापट वॅट खाणार. पण काका-काकूंचा विचार करून वाजवणार असाल तर हा फायदा कागदावरच राहील. हॉर्नवर सिंबल्स (ड्रमच्या झांजा) जरा कडक वाजतात हे खरं. स्पीकर खुर्चीकडे न वळवता सरळ ठेवले की पुष्कळ निवळतं.

अजून एक. जुन्या अल्बमच्या नंतर निघालेल्या बऱ्याच रीमास्टर आवृत्त्या आवाज वाढवायच्या नादात दाबून सपाट केल्यात. तिथे ड्रमचा ठोकाच मेलेला असतो, दोन लाखांचा स्पीकरही तो परत आणणार नाही. डेमोला जाताना जुनी सीडी आणि रीमास्टर, दोन्ही न्या. आणि दुकानात गर्दी नसते तेव्हा, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा. मग कोण आवाज कमी करतो बघू!

धागाकर्ता

आभार दोघांचेही. टॉवर बाद. मोज्याचा प्रयोग होम थिएटरच्या सबवूफरवरच करून बघतो, त्यालाही मागे भोक आहे. स्टँडचं काय करू? तयार स्टँडच्या किमती ऐकून घाम फुटला.

प्रतिसाद

फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचे बनवून घ्या, आत कोरडी वाळू भरा म्हणजे पाइप वाजणार नाही. उंची खुर्चीत बसून मोजा, ट्वीटर कानाच्या रेषेत आला पाहिजे. आणि त्या कपाटाची दारं आधी घट्ट करा, नाहीतर बासबरोबर तेही साथ देईल.