काजूच्या बागेतून गोचडी अंगावर येतात, काय करावं?

सत्तरीची सून: आमची बाग रानाला लागून आहे. सासूबाई बोंडू वेचून आल्या की काखेत, कमरेला गोचडी चिकटलेल्या असतात. त्या रॉकेल लावून काढतात. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात, पाली गावात 2015 मध्ये माकडताप (गोचडी चावल्याने होणारा ताप) आला होता, म्हणून जीव धास्तावतो.

वाळपईची नर्स: बाय, रॉकेल, तेल, पेटती काडी काहीच लावू नका. डिवचलेली गोचीड उलट जास्त लाळ सोडते. बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरा, सरळ वर हळू ओढा, मग साबणाने धुवा. बोटांनी चिरडू नका. चावल्यावर 3 ते 8 दिवसांत अचानक ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, असं झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि रानात गेल्याचं स्वतःहून सांगा. माकडतापावर नेमकं औषध नाही. उशीर झाला तर रक्तस्राव होऊ शकतो.

बागायतदार: आम्ही पायजमा मोज्यांत खोचतो, उघड्या अंगाला डीएमपी तेल (गोचडी दूर ठेवणारं) लावतो. पाचोळ्यावर बसायचं नाही. घरी येताच आंघोळ, कपडे गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

सत्तरीची सून: गोचीड दिसली नाही, पण मांडीवर काळी खपली आणि ताप असेल तर?

वाळपईची नर्स: तो स्क्रब टायफस नावाचा वेगळा ताप असू शकतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिगर माइट या बारीक जीवाच्या पिल्लांच्या चाव्यामुळे होतो. त्यावर डॉक्सीसायक्लिन चांगलं चालतं, पण डॉक्टरांना ती खपली दाखवाच. सासूबाईंना लाजू देऊ नका.