मदत हवी आहे : विजेतेपदाच्या हंगामाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, आवाज मागे राहायलाय

लेफ्टविंग_परभणी
मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या फुटबॉल टीमनं जो हंगाम जिंकला त्याच्या झाडून सगळ्या मॅचेस एका पालकांनी घरच्या कॅमेऱ्यावर घेऊन ठेवल्यात. पुढच्या महिन्यात जुने खेळाडू जमायलेत, त्यांना प्रोजेक्टरवर फायनल दाखवायचीय. व्हीसीआर लावला, यूएसबीचं डबडं (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर घेणारं) लावलं, रेकॉर्डिंग केलं. सुरुवातीला सगळं बरोबर. पुढं पुढं आवाज मागे राहतो. गोल होऊन पोरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली दिसतात आणि मग लोकांचा आरडाओरडा ऐकू येतो. मधूनच निळी स्क्रीन येते. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं तेवढंच सांगा, बाकी मला जमतं.

हेड_ड्रम
सॉफ्टवेअरचं नाव सांगून भागणार नाही दादा. आधी ही माहिती द्या : कॅसेट मोठी का छोटी? व्हीसीआर कोणता? पिवळी वायर लावली का टीव्हीची अँटेनावाली? आवाजाची लाल-पांढरी वायर नेमकी कुठं घातलीय? रेकॉर्डिंग कशात केलं, किती फ्रेमवर?

शुभमंगल_स्टुडिओ
कशाला डोक्याला ताप? लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुठल्याही जुन्या स्टुडिओत द्या, पेनड्राइव्हवर करून देतील.

हेड_ड्रम
द्यायला हरकत नाही, पण फाईल कशी देणार ते आधी विचारा. टेपवरची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फिल्डची असते. बरेच जण ती दोन फिल्ड एकात घुसळून 25 फ्रेमची बारकी एमपी फोर देतात. वरमाला घालताना त्यात काही बिघडत नाही. फुटबॉलमध्ये मारलेला बॉल प्रत्येक फ्रेममध्ये दुहेरी, कंगव्यासारखा फाटलेला दिसतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. मूळ इंटरलेस्ड (दोन्ही फिल्ड वेगळी ठेवलेली) फाईल, 720 बाय 576, देणार असतील तरच द्या.

लेफ्टविंग_परभणी
मोठ्या कॅसेटी आहेत, छोट्या पण आहेत. छोट्यांसाठी अॅडॅप्टर ऑनलाईन बघायलोय. वायर पिवळीच. आवाजाची वायर कन्व्हर्टर लावून लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घातलीय, कारण डबड्याची लाल-पांढरी ढिली बसते. रेकॉर्डिंगला ओबीएस सॉफ्टवेअर वापरतो, आहे त्या सेटिंगवर.

दोन_घड्याळं
सापडलं की! चित्र डबड्यातून येतंय आणि आवाज लॅपटॉपच्या साउंड कार्डातून. दोघांची क्रिस्टल, म्हणजे आतली घड्याळं, वेगळी; दोघांचा सेकंद अगदी सारखा नसतो. त्यामुळं आवाज सरकत जातो. शिवाय माईकचं भोक बहुतेक लॅपटॉपात मोनो असतं आणि आवाज फार वाढवून घेतं, म्हणजे गर्दीचा गलका चिरका येणार. लाल-पांढरी डबड्यातच घाला. ढिली बसत असेल तर पिनेची बाहेरची कडी पक्कडीनं अलगद आत दाबा.

हेड_ड्रम
वायर डबड्यातच पाहिजे, हे शंभर टक्के. पण दोन क्रिस्टलचा फरक तासाला सेकंदाच्या थोड्याशा भागापुरता असतो. गळाभेट होऊन मग ओरडा ऐकू येण्याइतका नसतो. हे फ्रेम गळण्याचं काम आहे. आपल्याकडं पाल पद्धत, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. 25 फ्रेम गळाल्या की चित्र एक सेकंदानं आखूड होतं, आवाज मात्र पूर्ण लांबीचा राहतो. म्हणून तो मागे पडतो. लेफ्टविंग, एक तपासा : फरक हळूहळू वाढतो, का प्रत्येक निळ्या स्क्रीननंतर एकदम वाढतो?

लेफ्टविंग_परभणी
निळ्यानंतर एकदम. आता बघितलं.

हेड_ड्रम
मग नक्की. घरच्या शूटिंगमध्ये कॅमेरा जिथं जिथं बंद-चालू केला तिथं टेपवरचा सिंक (चित्राचा ताल धरणारा सिग्नल) तुटतो. हाफटाइम, कॉर्नरच्या आधी वाचवलेली बॅटरी, सगळीकडं. स्वस्त डबडं तिथं अडखळतं आणि फ्रेम सोडतं. आता असं करा :

ओबीएस सोडा, ते आहे त्या सेटिंगला 30 फ्रेम धरतं. व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर घ्या. कॅप्चरमध्ये जाऊन व्हिडिओ सोर्स पाल बी, आकार 720 बाय 576, रंग वायवायटू. आवाज 48000 हर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ. कॉम्प्रेशन हफवायूव्ही. तासाला साधारण 30 ते 40 जीबी जागा जाते, तेव्हा डिस्क मोकळी ठेवा. बाहेरची डिस्क फॅट 32 असेल तर 4 जीबीच्या पुढं फाईल जात नाही, आधी एनटीएफएस करून घ्या. कॅप्चरच्या टायमिंगमध्ये, फ्रेम लांब पडल्या तर मध्ये रिकामी फ्रेम घालायची, त्या चौकटीत खूण करा. गेलेलं चित्र परत येणार नाही, पण लांबी जुळते आणि आवाज जागेवर राहतो. उजवीकडं गळालेल्या फ्रेमचा आकडा चालू असतो, त्यावर नजर ठेवा.

दोन_घड्याळं
हे वरवरचं झालं. खरा उपाय म्हणजे व्हीसीआर आणि डबडं यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर ठेवायचा. प्लेअर चालत नाही, त्याला इनपुट नसतं. व्हीसीआरची पिवळी रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डरचं आउटपुट डबड्याला. त्यात डिस्क घालायची गरज नाही. रेकॉर्डर आलेलं चित्र स्वतःच्या मेमरीत घेऊन सरळ, ठाशीव सिंकसकट पुढं देतो. पॅनासॉनिकचे ईएस 10 आणि ईएस 15 याच कामासाठी लोक शोधत असतात. चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला झुकत असेल तर तेही सरळ होतं.

हेड_ड्रम
मान्य, मिळाला तर उत्तमच. पण ते मॉडेल आपल्या भागात हुडकण्यात महिना जाईल आणि त्यांचा कार्यक्रम होऊन जाईल. व्हीसीआरच्या मेनूत निळी स्क्रीन बंद करायची सोय असते, ती आज करा.

दोन_घड्याळं
निळी बंद केल्यावर मुंग्या येतात आणि काही डबडी मुंग्यांवर जास्त बावचळतात. दोन्ही लावून बघा, ज्यात आकडा कमी गळतो ते ठेवा.

बांधावरचा
एवढं सगळं करण्यापेक्षा टीव्हीवर लावून मोबाईलनं शूट करा की. तासाभराचं काम.

हेड_ड्रम
अगदीच कॅसेट तुटायला आली असेल तर शेवटचा पर्याय म्हणून ठीक. तेव्हाही मोबाईलचा शटर 1/50 वर बांधा, 25 किंवा 50 फ्रेम ठेवा, नाहीतर टीव्हीवर पट्टे सरकताना दिसतील. फायनलसाठी हे करू नका. लांबचा बॉल मूळ टेपवरच चार-पाच ठिपक्यांचा असतो, टीव्हीवरून पुन्हा घेतला की तो उरतच नाही.

तगर
छोट्या कॅसेटींबद्दल कोणीच बोलेना. दादा, अॅडॅप्टर मागवायच्या आधी टेपची रुंदी पट्टीनं मोजा. कॅसेटची झडप उचलली की टेप दिसते, तिला बोट लावू नका. सव्वा सेंटीमीटरच्या आसपास भरली तर ती व्हीएचएस-सी, तिला अॅडॅप्टर असतो आणि व्हीसीआरमध्ये चालते. 8 मिलिमीटर भरली तर व्हिडिओ 8 किंवा हाय 8. तिच्यासाठी अॅडॅप्टर नावाची वस्तूच नाही. फोटो बघून पैसे घालवू नका.

लेफ्टविंग_परभणी
8 मिलिमीटरच भरली ताई. बरं झालं थांबलो. आता?

तगर
आता कॅमेराच लागणार. ज्यांनी शूट केलं त्यांच्याकडं तो माळ्यावर असेल, बॅटरी मेली असेल तर अॅडॅप्टरवर चालवा. त्याचं पिवळं आउटपुट त्याच डबड्यात. नसेलच तर सोनीचा डिजिटल 8 कॅमेरा शोधा. त्यातली काही मॉडेल जुन्या व्हिडिओ 8 टेपही वाजवतात आणि फायरवायरमधून (कॉम्प्युटरला जोडायची वायर) डीव्ही ही डिजिटल फाईल देतात, तासाला 13 जीबी. सगळी मॉडेल वाजवत नाहीत, म्हणून पैसे द्यायच्या आधी तुमचीच एक कॅसेट नेऊन लावून बघा. फायनल नको, साखळीतली एखादी सोपी मॅच न्या.

लेफ्टविंग_परभणी
एका मोठ्या कॅसेटीच्या काचेतून कडेला पांढरं पांढरं दिसतंय. धूळ आहे का? फुंकून लावू?

बांधावरचा
बुरशी असणार. दोन दिवस कडक उन्हात टाका, जाते.

हेड_ड्रम
अजिबात टाकू नका! ऊन आपल्याकडचं, त्यात टेप आकसते आणि प्लास्टिकची पेटी वाकते. वाकलेल्या पेटीत रिळं घासून टेप अडकणार. ती कॅसेट लावूही नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) चढते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. पिशवीत बंद करून बाजूला ठेवा.

साफ करायची झाली तर पेटीच्या खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात, ते काढा. आधी मोबाईलवर आतला फोटो घ्या, कारण बारक्या स्प्रिंगा उडतात. रिळं उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटीच्या पेटीत बसवा. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलं केलेलं, धागे न सुटणारं कापड घ्या, टेप त्यातून हळूहळू सरकवत एका रिळावरून दुसऱ्यावर न्या आणि वाळू द्या. तोंडाला मास्क बांधा, खिडकी उघडी ठेवा. टेप तुटली तर सेलोटेप लावायची नाही, तिचा डिंक पाझरून हेडला चिकटतो. स्प्लाइसिंग टेपच लागते.

शुभमंगल_स्टुडिओ
व्हीसीआरचे हेड इअरबडनं पुसून घ्या, चित्र लख्ख येतं.

हेड_ड्रम
इअरबड नको, कापसाचे धागे हेडच्या फटीत अडकतात. त्याच अल्कोहोलनं ओलं केलेलं शामी चामडं (मऊ, बिनधाग्याचं) ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या गोल फिरकीवर टेकवून स्थिर धरा आणि ड्रम वरून हातानं फिरवा. खाली-वर घासलं की हेडचा टवका उडालाच समजा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर दूर ठेवा.

जुना_रेफरी
कॅसेटींवर वर्ष लिहिलंय का? नसेल तर खेळ बघून अंदाज लागतो. आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला पास गोलकीपर हातात उचलायलाय आणि रेफरी खेळ थांबवत नसेल, तर बहुतेक 1992 च्या आधीचं. त्या वर्षी नियम बदलला.

आमखास_कोपरा
सर, नियम बदलला म्हणून जिल्ह्याच्या मैदानावर दुसऱ्या दिवशी लागू झाला असं नाही. त्यावर वर्ष ठरवू नका. कॅमेऱ्यानं कोपऱ्यात तारीख छापलीय का ते बघा.

जुना_रेफरी
कॅमेऱ्याची तारीख तर कोणी लावतच नसे, बॅटरी काढली की ती पहिल्यावर जायची. बॅकपासला इनडायरेक्ट फ्रीकिक दिसली तर 1992 नंतरचं, एवढं तरी ठाम.

लेफ्टविंग_परभणी
वर्ष आम्हाला माहीत आहे सर! आवाजाचं बोलतो : लाल-पांढरी डबड्यात घातली, व्हर्च्युअलडबमध्ये फायनलचा पहिला हाफ घेतला, शेवटपर्यंत आवाज जागेवर. शिट्टी आणि रेफरीचा हात बरोबर जुळतंय. पण बारीक घुंईऽऽ असा आवाज यायलाय आणि चित्राच्या तळाला एक थरथरती पट्टी आहे.

तगर
लाईट होती का इन्व्हर्टरवर होतात?

लेफ्टविंग_परभणी
लाईट गेली होती. इन्व्हर्टर.

तगर
तिथंच आहे ते. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर व्हीसीआर गुणगुणतो. लाईट असताना घ्या आणि तेवढ्या वेळेपुरता लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, अर्थिंगचा गुंता पण सुटतो.

हेड_ड्रम
तळाची पट्टी बिघाड नाही, हेड बदलताना प्रत्येक व्हीएचएसला ती येते. टीव्हीच्या चौकटीआड लपायची म्हणून दिसत नव्हती. मूळ फाईल तशीच ठेवा. दाखवायच्या कॉपीत खालच्या आठ-दहा ओळींवर काळी पट्टी टाका.

कॉपी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये करा : डिइंटरलेस चालू, प्रकार बॉब (प्रत्येक फिल्डची वेगळी फ्रेम), फ्रेम रेट 50 आणि कॉन्स्टंट. 25 ठेवलं तर निम्मी हालचाल फेकली जाते आणि शॉट मारलेला बॉल एका ठिकाणाहून दुसरीकडं उडी मारतो. आकार 768 बाय 576, आणि प्रोजेक्टरला 4:3 वर ठेवा. पडदाभर ताणलं की सगळी टीम जाडी दिसते.

लेफ्टविंग_परभणी
50 वर केलं. कॉर्नरवरून बॉल आत येताना पहिल्यांदाच नीट दिसला. कॅमेरावाल्या काकांना फोन लावलाय, कॅमेरा आहे म्हणाले, चार्जर हुडकायलेत.

तगर
चार्जरवर किती व्होल्ट लिहिलंय ते कॅमेऱ्याच्या खालच्या आकड्याशी जुळवूनच लावा. आणि लावायच्या आधी प्रत्येक 8 मिलिमीटरच्या कॅसेटीची लाल पट्टी सरकवून लॉक करा, मोठ्या कॅसेटींचा कडेचा टॅब तोडून टाका. रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं तर फायनल पुसली जाईल.