दुधाच्या दाढा आणि चांदीचं औषध
दुधाचे दात पडणारच, मग किडीवर खर्च कशाला, असं बरेच जण म्हणतात, ते मला नाही पटत. पुढचे पडतात सहा-सातव्या वर्षी, पण दाढा १०-१२ वर्षांपर्यंत लागतात, आणि पोरगं रात्री गाल धरून रडतं ते बघवत नाही हो. ड्रिलच्या भीतीने थांबला असाल तर डेंटिस्टना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडबद्दल विचारा, म्हणजे कीड थांबवायला दातावर लावायचं चांदी आणि फ्लोराइडचं पातळ औषध, २०२१ मध्ये डब्ल्यूएचओनं आवश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. माझ्या चार वर्षांच्या भाचीला लावलं तेव्हा ओठांना व्हॅसलिन, दाढ कापसाने कोरडी केली, इवल्याशा ब्रशने थेंबभर औषध आणि दोन-तीन मिनिटांत काम झालं, इंजेक्शन नाही की काही नाही. चांदी जंतू मारते, फ्लोराइडने दात टणक होतो. किडलेला भाग मात्र काळाकुट्ट पडतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आमच्या आईने केवढा धसका घेतला होता! आणि कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर हे चालत नाही, म्हणून दुखायच्या आधीच दाखवा.