जंगलातील माती तापली, तर तिच्यातील कार्बन कोणत्या वेगाने सुटेल?

मूळ मत

तापमान 10 अंशांनी वाढले की विघटनाचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा ठोकताळा जंगलाच्या मातीला सरसकट लावण्यास माझा आक्षेप आहे. प्रयोगशाळेत मातीच्या नमुन्यात मुबलक खाद्य घालून बीटा-ग्लुकोसिडेजसारखे (वनस्पतींच्या अवशेषांतील सेल्युलोजच्या विघटनात भाग घेणारे) विकर, म्हणजे एन्झाइम, मोजले, तर क्रियाशीलता उष्णतेबरोबर चढत जाणारच. प्रत्यक्ष मातीत मात्र खाद्य, म्हणजे विकर ज्याचे विघटन करते तो पदार्थ, तुटपुंजे असते, आणि तशा स्थितीत विकराच्या कमाल वेगाबरोबर त्याचा मायकेलिस स्थिरांकही (कमाल वेगाच्या निम्मा वेग गाठायला लागणारे खाद्याचे प्रमाण) वाढत असल्यामुळे दोन्ही परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. जिआर्डिना आणि रायन या संशोधकांनी 2000 साली मांडलेला निष्कर्षही असाच होता की, खनिज मातीतील कार्बनच्या विघटनाचा वेग त्या त्या ठिकाणच्या सरासरी तापमानावर फारसा अवलंबून दिसत नाही.

प्रतिसाद 1

त्या निष्कर्षात सगळा कार्बन एकाच गाठोड्यात बांधला आहे, हीच त्यातली अडचण आहे. लवकर कुजणारा पालापाचोळा आणि मातीच्या कणांना शतकानुशतके चिकटून राहिलेला कार्बन यांची सरासरी काढली, तर दोन्हींचा खरा प्रतिसाद झाकला जातो. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1991 पासून जमिनीत तारा पुरून माती 5 अंशांनी अधिक उबदार ठेवली गेली. 26 वर्षांत वरच्या 60 सेंटिमीटर थरातील सुमारे 17 टक्के कार्बन गेला. आपले विकरशास्त्र बरोबर असेलही, पण कार्बन गेला तो गेलाच.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

गेला, पण सलग नाही. पहिल्या दशकात घट झाली, मग काही वर्षे ती थांबली, पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा थांबली. केवळ तापमानच वेग ठरवत असते, तर हे टप्पे दिसलेच नसते. सहज पचणारे खाद्य संपल्यावर उष्णता असूनही काम मंदावते, हेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद 1

मग तिसऱ्या टप्प्यात घट पुन्हा का सुरू झाली? खाद्य संपल्याने काम कायमचे थांबले असते, तर ती सुरू व्हायलाच नको होती. तोवर सूक्ष्मजीवांचा समूहच बदलला होता. शिवाय लिग्निनसारख्या (लाकडाला कडकपणा देणाऱ्या) चिवट पदार्थाच्या विघटनाला लागणारी सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू होण्यास लागणारी किमान ऊर्जा, जास्त असल्याने, तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचा संबंध सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्रानुसार तापमानाचा सापेक्ष परिणामही त्याच्यावरच अधिक व्हायला हवा. चिवट म्हणून सुरक्षित, हे गृहीतक मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद 2

आपण दोघेही पाण्याचा उल्लेख टाळत आहात. विकर आणि खाद्य यांची गाठ मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यातून पडते; माती तापून कोरडी पडली की हा पापुद्रा तुटतो आणि क्षमता असूनही विकर निष्क्रिय बसते. पनामातील बारो कोलोराडो बेटावरच्या उष्ण, पावसाळी जंगलात माती दोन वर्षे 4 अंशांनी तापवली, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन 55 टक्क्यांनी वाढले. मुळातच उष्ण असलेल्या मातीत इतकी वाढ झाली, हे मूळ मताला जड जाणारे आहे, हे मान्य. परंतु तोच आकडा कोरड्या जंगलाला लावणेही तितकेच चुकीचे ठरेल.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

पनामाचा आकडा मला जड जातो, हे कबूल करतो. तरीही तो दोनच वर्षांचा आहे, आणि हार्वर्डमधील पहिले दशकही असेच घटीचे होते.