सोनेरी काळ नक्की कुणाचा? (हनोईचं मेट्रोपोल हॉटेल)

अवनी_सातारा
काल इथे एक प्रवासवर्णन वाचलं. व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलमध्ये तीन रात्री राहून आलेल्या ताई लिहितात, "लॉबीत पाऊल टाकलं आणि बाहेरचा गोंगाट विसरून इंडोचायनाच्या सोनेरी काळात पोचले." हे वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

इंडोचायना म्हणजे व्हिएतनाम आणि शेजारच्या देशांवरचं फ्रेंचांचं राज्य. मग सोनेरी कुणासाठी? हॉटेल उघडलं १९०१ मध्ये. तिथून चालत गेलं की थोड्या वेळात फ्रेंचांनीच बांधलेला होआ लो तुरुंग लागतो. व्हिएतनामी कैद्यांची मुंडकी उडवायचं गिलोटिन आजही तिथे ठेवलंय. पाय खोड्यात अडकवून ओळीने बसवलेल्या कैद्यांचे पुतळे आहेत, त्यांच्यासमोर मी उभी राहिलेय. १९४५ च्या दुष्काळात उत्तर व्हिएतनाममध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. माझे पणजोबा पत्रीसरकारच्या दिवसांत भूमिगत होते, पणजीने दोन वर्षं पोलिसांच्या धाडी सोसल्या. साताऱ्यातल्या साहेबाच्या बंगल्याला कुणी 'सोनेरी काळ' म्हटलं असतं, तर तिने त्याला दारात उभं केलं नसतं.

नीलिमा_ठाणे
ते वर्णन माझं. अवनी, तुम्ही एक वाक्य उचललंत आणि बाकीचं सोडून दिलंत. ह्यांच्या बायपासनंतरचा आमचा हा पहिला प्रवास होता, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून केलेला. आजवर टूरबरोबरच फिरलो. पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, दिवसभर बस, रात्री कुठल्या गावात आहोत तेही लक्षात नसायचं. यावेळी तीन दिवस बागेत बसून कॉफी प्यायलो. चार्ली चॅप्लिन १९३६ मध्ये मधुचंद्राला तिथे आले होते, इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन १९५१ मध्ये राहिले होते. ते आठवून छान वाटलं, तर त्यात कुणाचा अपमान झाला? ताजमध्ये चहा पिताना तुम्हीही इंग्रजांची पापं मोजत नसाल.

मिलिंद_एम
ताजचं उदाहरण इथे लागू होत नाही. ताज १९०३ चा, जमशेटजी टाटांनी बांधलेला. पैसा इथला, मालक इथला. मेट्रोपोल फ्रेंचांनी फ्रेंचांसाठी बांधलं.

भटका_नगरकर
ज्यांना राहायला जमत नाही तेच तत्त्वज्ञान सांगतात. मी जुन्या शहरात स्वस्तात राहिलो. फुटपाथवर स्कूटरी लावलेल्या, उरलेल्या जागेत बुटक्या स्टुलांवर फोची (नूडल्सच्या सूपची) दुकानं, आपण चालायचं रस्त्यातून. आईचे गुडघे गेलेले. रस्ता ओलांडताना ती माझा हात धरून रडली. पैसे असते तर मीही मेट्रोपोललाच गेलो असतो.

रायगड_प्रेमी
सगळे मुख्य गोष्ट विसरताय. फ्रेंच आणि अमेरिका, दोघांनाही हरवायला व्हिएतनामने शिवरायांचा गनिमी कावा वापरला. तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर 'शिवरायांचा मावळा' असं लिहिलंय. हॉटेलांवर भांडण्यापेक्षा तिथे जाऊन डोकं टेकवा.

मिलिंद_एम
हे ढकलपत्र पुन्हा? मी बा दिन्ह चौकात हो ची मिन्ह यांच्या समाधीला गेलोय. दर्शनी भागावर 'चू टिक हो ची मिन्ह', म्हणजे 'अध्यक्ष हो ची मिन्ह', एवढीच अक्षरं आहेत.

रायगड_प्रेमी
महाराजांचं नाव आलं की तुमच्यासारख्यांच्या पोटात का दुखतं? त्यांच्या युद्धात गनिमी कावा नव्हता, असं म्हणायचंय का?

मिलिंद_एम
मी दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड चालतो. माझ्या निष्ठेची परीक्षा घेऊ नका. गनिमी कावा होताच, पण तो त्यांचा स्वतःचा. मेट्रोपोलचा पत्ताच बघा: १५, न्गो क्वेन मार्ग. फ्रेंच काळात हा रस्ता त्यांच्याच आंरी रिव्हिएर नावाच्या नौदल अधिकाऱ्याच्या नावाने होता. न्गो क्वेन कोण? व्हिएतनामी सेनानी. ९३८ मध्ये त्याने बाक डांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवले, भरतीत चिनी जहाजं आत येऊ दिली आणि ओहोटी लागताच ती खांबांवर अडकवून बुडवली. १२८८ मध्ये तिथल्याच त्रान हुंग दाओ या सेनापतीने त्याच नदीत तीच युक्ती मंगोलांवर वापरली. महाराजांचा जन्म १६३० चा. त्यांच्या आधी सातशे वर्षं जे हे करत होते, त्यांना आपण शिकवलं म्हणायचं? आपल्या इतिहासावर कुणी असा हक्क सांगितला तर आपण खपवून घेऊ का?

रायगड_प्रेमी
खांबांची गोष्ट माहीत नव्हती. तेवढी मान्य. समाधीचं मी स्वतः बघितल्याशिवाय मान्य करणार नाही.

अवनी_सातारा
धागा कुठल्या कुठे गेला! पण मिलिंद, रस्त्याच्या नावाचं तुम्ही सांगितलंत, तेच मला म्हणायचं होतं. त्यांनी रस्त्याचं नाव बदललं. आपण मात्र जाऊन जुन्याच नावाचं कौतुक करतो.

नीलिमा_ठाणे
रस्त्याचंच नाही, १९५४ नंतर हॉटेलचंही बदललं. 'थोंग न्याट', म्हणजे एकीकरण. पण वास्तू पाडली नाही. अमेरिकेची विमानं बॉम्ब टाकायची तेव्हा पाहुणे बागेखालच्या बंकरमध्ये उतरायचे. १९७२ च्या डिसेंबरात गायिका जोन बाएझ तिथे होत्या. पुढे बंकर बुजला, विस्मरणात गेला आणि २०११ मध्ये बारचं काम काढलं तेव्हा पुन्हा सापडला. आम्हाला खाली नेलं होतं. छत इतकं खाली की हे वाकूनच उभे होते. ओल, गार भिंती. नेणारी मुलगी विशीतली असेल. तिची आजी बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत हनोईतच होती, एवढं सांगून ती थांबली. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. वर आल्यावर आम्ही बराच वेळ बोललो नाही. अवनी, हे मी त्या वर्णनात लिहिलंच नाही. कॉफी आणि चॅप्लिन लिहिलं.

अवनी_सातारा
मग हेच लिहायला हवं होतं ना!

नीलिमा_ठाणे
आता भर घातलीय. 'सोनेरी' काढून 'जुन्या' केलंय. बागेतली कॉफी मात्र काढणार नाही, ती आम्ही पंचवीस वर्षांनी निवांत प्यायलो होतो.