मदत हवी आहे: आईसाठी केलेला ग्रुप थंड पडलाय, लवकर सांगा

मांजराकाठ
आईसाठी व्हॉट्सॲपवर भावकी, पाहुणे अन् गल्लीतल्यांचा ग्रुप केला होता. सुरुवातीला लोक तुटून पडायचे. कुणी डबा आणतो म्हणायचं, कुणी गाडी काढतो. आता काही टाकलं की हात जोडलेले, फुलं, नाहीतर सुविचार. सोमवारी पुढची बारी आहे अन् सोबत कोण जाणार ते ठरंना. मी पुण्यात, रजा संपत आल्यात. ग्रुप परत हलवायचा कसा, तेवढंच सांगा.

गोदाकाठची
बारी कशाची? डायलिसिस की किमो? आई कुठं असतात, न्यायचं कुठं?

बालाघाट
ग्रुप बंद करून टाका. आमच्या तात्यांच्या बायपासच्या वेळी मी एकेकाला फोन लावला, सगळी कामं झाली. ग्रुपवर कुणाचंच काही होत नसतं.

मांजराकाठ
किमो हो. स्तनाचा कॅन्सर. आई कळंबला, किमो बार्शीला, दर २१ दिवसांनी. ग्रुपात ६० च्या वर माणसं आहेत. बालाघाट, फोन करू करूच जीव गेला, म्हणून इथं विचारायलोय.

सोयाबीनवाला
दादा, काढणी चालू आहे. दिवसभर माणूस शिवारात असतो, फोन घरी चार्जिंगला. गावाकडच्यांचा राग धरू नका. रात्री आठनंतर टाकून बघा. त्यात सोयाबीनचा हमीभाव जाहीर झालाय, पण आडतीवर तेवढा देतंय कोण?

गोदाकाठची
भावाचा धागा वेगळा काढा की राव.

सिस्टर_लातूर
साठ जणांना एकदम विचारलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. दोन ग्रुप करा. मोठ्या ग्रुपवर फक्त खबर, तिथं ॲडमिनशिवाय कुणी लिहायचं नाही. दुसरा आठ-दहा जणांचा, कामाचा. तिथं "कुणी जाईल का" असं मोघम विचारू नका. "सोमवारी सकाळी सातला निघायचं, दिवसभर सोबत थांबायचं, आईला घरी सोडायचं" असं लिहा आणि पुढच्या सगळ्या तारखा टाकून पोल लावा. नाव लागलं की त्या माणसाला आदल्या रात्री एक फोन.
आणि एक मेसेज वर पिन करून ठेवा. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. सर्दी-खोकला असलेल्यांनी तेव्हा भेटायला येऊ नये. ताप १००.४ च्या वर गेला तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. घरी थर्मामीटर आहे ना?

तुळजाई
पपईच्या पानांचा रस सुरू करा, पेशी झपाट्यानं वाढतात. आमच्याकडं अनुभव आहे.

सिस्टर_लातूर
ताई, तो लोक डेंग्यूत प्लेटलेटसाठी देतात. इथं विषय पांढऱ्या पेशींचा आहे. किमो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसलाही रस-काढा देऊ नका.

तुळजाई
अनुभव आहे म्हणून सांगितलं. ज्याची त्याची मर्जी.

बालाघाट
महात्मा फुले योजनेत बसवलं का? आता मर्यादा ५ लाख आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

मांजराकाठ
योजनेतच चालू आहे. पैशाचं नाही, माणसांचं अडलंय.
सिस्टर, थर्मामीटर आहे. दोन ग्रुपचं पटलं. पण मोठा ग्रुप मुका केला तर आईला वाईट वाटंल.

गोदाकाठची
म्हणजे आई स्वतः ग्रुपात आहेत?

मांजराकाठ
आहे ना. तिला वाचता येत नाही. दिवेलागणीला शेजारच्या पोरीकडं फोन देती, "बघ गं, कोण काय म्हणलंय." पोरगी सांगती, हात जोडलेत. रोज तेच. लोक तिला इसरलेत असं तिला वाटाया नको, म्हणून एवढी धडपड.

गोदाकाठची
अहो, हे आधी सांगायचं ना! मग मोठा ग्रुप उघडाच राहू द्या आणि सगळ्यांना आवाजात बोलायला सांगा. काय बोलावं ते सुचत नाही म्हणून लोक हात जोडतात. तुम्हीच विषय द्या. तब्येत सोडून काहीही. माझ्या मावशीच्या आजारपणात तिच्या जाऊबाई रोज एवढंच सांगायच्या: आज खुरपायला कोण आलं, कुणाचं कुणाशी वाजलं, म्हैस कुणाच्या उसात घुसली. मावशी पुन्हा पुन्हा लावून ऐकायची आणि उलटून उत्तर द्यायची. तिला विचारत पण राहा. लोणच्याचं प्रमाण, कुणाच्या पोरीला स्थळ. नुसतं सांत्वन ऐकून माणूस शिणतं.

बालाघाट
आवाजी मेसेज कोण ऐकत बसतं? कटकट नुसती.

गोदाकाठची
तुम्ही नका ऐकू. त्यांच्या आईसाठी चाललंय.

सिस्टर_लातूर
गोदाकाठची बरोबर बोलल्या. मी फक्त कामाचा विचार केला होता. कामाचा ग्रुप मात्र वेगळाच ठेवा, आई त्यात नकोत. तिथली ओढाताण त्यांच्या कानावर कशाला?

मांजराकाठ
कामाचा ग्रुप केला. आत्या सोमवारी जाती म्हणाली. मोठ्या ग्रुपवर मीच आवाजात विचारलं की आईच्या हातच्या धपाट्यात काय काय असतं. मामीनं चुकीचं सांगितलं, मग आईनं पोरीकडून बटण दाबून घेऊन तिला सुनावलं. लई दिवसांनी तिचा आवाज चढलेला ऐकला.
आता एक राहिलं. आत्या एसटीनंच जाऊ म्हणती, बायकांना अर्धं तिकीट आहे. जाताना ठीक, पण किमो झाल्यावर गर्दीतून आणणं पटत नाही. बार्शीहून कळंबकडं रिकामी येणारी गाडी कुणाला ठाऊक आहे का?

सोयाबीनवाला
आमच्या भावकीतल्या एकाची जीप सोमवारी बार्शीच्या बाजारात माल टाकून रिकामी येती. आईला तिथून किती वाजता सोडतात ते तर सांगा.